मोगऱ्याखालची पुरचुंडी

सिराजुद्दीन सुट्टीत दिघीला आला तो एक लाकडी पेटी छातीशी धरूनच. आगरदांड्याला होडीत चढताना तांडेलानं हात पुढं केला, तरी त्यानं ती दिली नाही. जैबुन्निसाला वाटलं, भावानं मुंबईहून काहीतरी नवल आणलंय. आणलं होतंच की!

आई गेली तेव्हा हा रांगत होता. जैबुन्निसानं त्याला कडेवर वाढवला, नारळ सोलून सोलून हाताची सालटी काढली नि डॉक्टरकीला घातला. नवरा जलील बोटीवर, वर्षातून एकदा दिसणारा. म्हणून मुलीच्या, फरिदाच्या काळजाला भोक असल्याचं कळलं तेव्हा बाईचा सगळा भरवसा भावावर. त्याच्याच इस्पितळात पोरीची छाती उघडली. पोर वाचली नाही.

ऑपरेशनच्या आधी तिनं सिराजला एकच बजावलं होतं. "पोरीच्या अंगातलं जे काय काढतील ते माझ्या हातात आणून दे. मातीत घालायचं हाय."

त्यांच्यात पडलेला दातसुद्धा पुरतात, मग हे तर पोटच्या पोरीचं मांस. सिराजनं मेलेल्या आईची शपथ घेतली, आणि मय्यत घेऊन आला तेव्हा पांढऱ्या फडक्यातली पुरचुंडीही तिच्या हातात दिली. कबरस्तानात बायका जात नाहीत. पोरीला पुरुषमंडळी घेऊन गेली. जैबुन्निसानं ती पुरचुंडी घरामागच्या वाडीत मोगऱ्याखाली आपल्या हातानं पुरली. तेवढीच तिची रडायची जागा. दर जुमेरातीला, गुरुवारी, तिथं उदबत्ती लावायची, फातिहा पढायची, चार गोष्टी बोलायची.

तर सिराजनं ओटीवर उजेडात पेटी उघडली. आत सूक्ष्मदर्शक. त्यानं खाली काच सरकवली. "आपा, लाव डोळा."

तिनं लावला. जांभळे ठिपकेच ठिपके. कडेला मुंग्यांसारखे गच्च, मध्ये विरळ.

"ही थायमस ग्रंथी. काळजाच्या वर असते. कडेला कोवळ्या पेशींची दाटी, आत वेगळ्या. कुठली कुठं बसते, त्याचा मी नकाशा काढतोय. आमच्या सरांना वाटतं, अंगातलं आपलं कोण नि परकं कोण, हे त्या इथंच शिकतात."

"अगं बाई, एवढ्याशा जागेत शाळाच की!" जैबुन्निसा हरखली. "कुणाची रं ही?"

सिराजचा चेहरा उजळला. खुळाच तो! एवढी बुकं वाचली, पण बहीण काही वाचता आली नाही.

"आपल्या फरिदाची, आपा. आपली फरिदा आता डॉक्टरांना शिकवणार."

जैबुन्निसानं डोळा काढला.

"मग मी काय पुरलं?"

"अगं, काळजापर्यंत जाताना ती आड येते, डॉक्टर कापून टाकूनच देतात. मी वाया जाऊ दिली नाही..."

"मी काय पुरलं, सिराज?"

त्याची मान खाली गेली. "बकऱ्याचं मांस. खाटकाकडनं आणलं होतं. तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून."

"या अल्ला! बकऱ्याच्या तुकड्याशी बोलत होते मी?" तिचा आवाज फाटला. "परक्यानं केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. तू केसानं गळा कापलास माझा. अरे, मागायचं तरी होतंस! रडले असते, भांडले असते, पण तुला दिली असती मी. तुला काय न्हाय म्हटलंय कधी?"

सिराज रडायला लागला. तिनं बघितलंही नाही. पेटीतल्या सगळ्या काचा काढून ओढणीत बांधल्या.

"आपा, काचा नको! माझी सगळी मेहनत हाय त्यात!"

"माझी पोर हाय त्यात."

ती तडक वाडीत गेली. मोगरा मुळासकट उपटून बाजूला टाकला नि खुरप्यानं उकरायला बसली. माती कडक होती, खुरपं दगडावर वाजत होतं. सिराज मागोमाग आला, डोळे पुसत तिच्या शेजारी बसला आणि मुकाट्यानं हातानं माती ओढू लागला.

जैबुन्निसानं त्याचा हात धरून बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हे घरच्या माणसांचं काम हाय."