बांधाखालची लाइन

ट्रॅक्टरमागची चर खोदणारी दातेरी साखळी काहीतरी टणक चावल्यासारखी अडखळली आणि चरातून पाण्याचा फवारा उडाला. ट्रॅक्टरवाल्याने साखळी वर उचलली, इंजिन बंद केलं आणि चिखलाने भरलेला चष्मा शर्टाला पुसत तो खाली उतरला.

"ताई, आधी मोटर बंद करा."

ती विहिरीकडे धावली. परत आली तेव्हा तो चरात वाकून हातांनी माती बाजूला करत होता. खाली फुटलेला पाइप होता. जुना, पण चांगल्या जाडीचा.

ही लाइन कुठे जाते, असं त्याने विचारलं. तिला सांगता येईना. पेरूच्या बागेची मुख्य लाइन विहिरीपासून सरळ वर जात होती. शेवटच्या झाडांना पाणी पोचत नाही, म्हणून तर आज नवी लाइन पुरायला घेतली होती. इथे आडवा पाइप असायचं काही कारणच नव्हतं.

ट्रॅक्टरवाल्याने फावड्याने दोन-चार ठिकाणी उकरून पाहिलं. पाइप मुख्य लाइनीतूनच निघाला होता आणि बांधाखालून पलीकडे गेला होता.

"वरच्या झाडांना जोर कसा मिळेल?" तो म्हणाला. "मोटर लावली की अर्धं पाणी तिकडे जातंय."

तिकडे म्हणजे दिराच्या शेतात. त्याच्या बोअरला भरपूर पाणी आहे, असा तिचा समज होता.

त्या बांधावरूनच दोघा भावांचं बिनसलं होतं. तिचा नवरा घरात धाकट्याचं नाव काढू देत नसे. कुणी विषय काढलाच, तर जेवण टाकून उठे. नवरा गेला त्या दिवशी दीर आला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि कुणाशी न बोलता निघून गेला. तिनेही पुढे बोलणं काढलं नाही. नवऱ्याचं वैर तिने घरातल्या भांड्याकुंड्यांसारखं सांभाळलं होतं.

आधी तिला वाटलं, चोरी. मग तिची नजर पाइपाच्या जोडावर गेली. सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळलेली, शेवटचं टोक आत खोचलेलं. बागेतला एकेक जोड नवऱ्याने असाच बांधला होता. ती तिथेच ढेकळावर बसली.

पाणी थांबल्यामुळे असेल, दीर बांधापर्यंत आला. बांध मात्र त्याने ओलांडला नाही.

"बंद केलंत, वहिनी?"

"पाइपाला यंत्र लागलं," ती म्हणाली. तिला तेवढंच सुचलं.

त्याने मान हलवली. दादा गेला तेव्हाच पाणी बंद होईल असं वाटलं होतं, असं तो सांगू लागला. मोटरीचा आवाज आला की तो व्हॉल्व्हपाशी जाऊन उभा राहायचा. पाणी येतच राहिलं. येऊन आभार मानावेत असं कितीदा मनात आलं, पण पाऊल उचलत नव्हतं.

"ही लाइन ह्यांनी घातली?" तिने विचारलं.

दीर तिच्याकडे बघत राहिला.

"दादानेच. पण तुमच्या सांगण्यावरून ना? माझी बोअर आटली तेव्हा. तो म्हणाला, माझ्या मनात असतं तर थेंब दिला नसता, पण तुझी वहिनी घास गिळू देईना."

असं काही बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. भांडी आवरता आवरता कधी बोलूनही गेली असेल. की नसेलच? आता विचारणार कुणाला?

ट्रॅक्टरवाला ताटकळला होता. "जोडू, की तोंड बंद करून टाकू?"

दीर खाली मातीकडे बघत होता.

"जोडा," ती म्हणाली. "आपला चर ह्या लाइनीखालून न्या."

"खोल जावं लागेल. वेळ मोडेल."

"मोडू दे."

दीर बांध उतरून आला आणि काही न विचारता पाइपाचं दुसरं टोक धरून चरात बसला. चिखल पुसता पुसता हळूच म्हणाला, "तुझ्या वहिनीपुढे माझं काही चालत नाही, असं म्हणायचा दादा."

"हो," ती म्हणाली, आणि पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा तिने पहिल्यांदाच हातात घेतला. झाकण कुठल्या बाजूला फिरवायचं, ते तिला कळेना.