बिनमिठाच्या घरातली बरणी

मी एक जुनी बरणी आहे, मित्रांनो. चिनी मातीची, खांद्यावर तपकिरी, पोटावर पांढरी. कुठल्या भट्टीत जन्मले ते बुडाखालच्या शिक्क्यात लिहिलं होतं. तो नंदाताईंच्या घासणीने केव्हाच पुसला. त्यांच्या लग्नापासून मी एकच काम केलं, खडेमीठ सांभाळलं. "बरणी असावी तर अशी," असं त्यांच्या सासूबाई म्हणत. सुनेबद्दल त्यांनी असं कधी म्हटलं नाही.

पुढे पिशवीतलं बारीक मीठ आलं आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

खराडीतला वरचा फ्लॅट नंदाताईंनी डेलरॉयला भाड्याने दिला, तेव्हा मला घासूनपुसून त्याच्या ओट्यावर ठेवलं. डेलरॉय मूळचा जमैकाचा, पंथाने रास्ताफारी. आठ वर्षांपूर्वी शिकायला पुण्यात आला आणि मराठीसकट इथेच राहिला. केस न कापण्याचं व्रत, म्हणून कमरेपर्यंत जटा. त्यावर लाल-पिवळी-हिरवी विणलेली टोपी.

मी मिठाची वाट पाहत बसले. ते आलंच नाही. मांस नाही, दारू नाही, इथवर ठीक. पण हा भोपळा, रताळी, घेवडा सगळं नारळाच्या दुधात शिजवायचा आणि मिठाचा कण घालायचा नाही. "जसं मातीतून आलं तसंच खायचं, नंदाताई," म्हणे. माझा त्याच्यावरचा विश्वास तिथेच उडाला. एवढं काय लपवतोय हा?

मग एके दिवशी त्याने माझ्यात वाळलेला हिरवा पाला भरला. मी समजून चुकले.

सोसायटीचे सचिव महिपती यांनाही माझ्याइतकाच संशय होता. फक्त त्यांच्याकडे लेटरहेड होतं. एका रविवारी ते आठ दिवसांत जागा रिकामी करण्याची नोटीस घेऊन वर आले. मालकीण म्हणून नंदाताईंची सही हवी होती, त्यामुळे त्याही सोबत.

"शनिवारी दार लावून ढोल कसला वाजतो?"

"प्रार्थना, काका. तो आमचा विश्रांतीचा दिवस."

"तुमचा. आमचा नाही. आणि भिंतीवर हे कोण?"

"सम्राट हाइले सेलासी, इथिओपियाचे. आम्ही त्यांच्यात देव पाहतो."

"वारले ना ते?"

"लोक तसं म्हणतात."

महिपती एक पाऊल मागे सरले. "आणि गांजा?"

"आमच्या प्रार्थनेत असतो. इथे कायदा नाही म्हणतो, म्हणून या घरात नाही."

"मग या बरणीत काय आहे?"

माझं झाकण निघालं. महिपतींनी नाक आत घातलं. "हा तर ओवा!"

"ओव्याचीच पानं आहेत. ताईंच्या कुंडीतली. आमच्या बेटावरही असतात, भोपळ्यात घालतो."

महिपतींची निराशा बघवेना. त्यांनी एक पान जिभेवर ठेवलं आणि चेहरा उजळला. "खारट आहे! म्हणे मीठ खात नाही! जो इथे खोटं बोलतो तो सगळीकडेच बोलतो. करा सही, नंदाताई."

डेलरॉयने पान चाखलं आणि माझ्यात डोकावून पाहिलं. "चार महिने खातोय," तो म्हणाला. "मला वाटलं, पुण्याची पानंच अशी असतात."

नंदाताईंनी माझ्या आतल्या तड्यांवरून नख फिरवलं. नखावर पांढरी भुकटी आली.

"अहो, ही आमची मिठाची बरणी. सव्वीस वर्षं मुरलंय हिच्यात. याचं व्रत मोडलं ते माझ्या हातून." मग महिपतींकडे वळून म्हणाल्या, "छप्पन साली आजोबांनी धम्म स्वीकारला, तेव्हाही गावातली चार माणसं आमच्या घरातली भांडी उघडून बघून गेली होती. द्या ती नोटीस इकडे."

महिपतींनी पेन पुढे केलं. ताईंनी ते घेतलंच नाही. नोटीस ओट्यावर पसरली आणि सगळा पाला तिच्यावर ओतला.

डेलरॉय तिथेच राहतो. त्याच्याकडे आता काचेची नवी बरणी आहे. मी ताईंच्या गॅलरीत असते. माझ्यात ओव्याची फांदी लावून पाहिली, ती जगली नाही. ते का, हे मला ठाऊक आहे.

मित्रांनो, जुन्या भांड्यांची निगा राखा. पण कुणाच्या ओट्यावर ठेवण्याआधी त्यांच्यात काय मुरलंय ते तपासा. आम्ही आपणहून सांगत नाही. चार महिने मी त्याच्यावर नजर ठेवून होते. माझ्यावर कुणाचीच नव्हती.