ताटातले झिंगे

सत्यवतीबाईंनी मटणाचा जाड काप धुवट पंच्याच्या तुकड्यावर ठेवला आणि वरून तळहातानं दाबला. कापडावर गुलाबी ओल उमटली. काप कोरडा ठाक झाल्याशिवाय तव्यावर घालायचा नाही, हे ओमकारनं शिकवलेलं. ओमकार त्यांचा एकुलता मुलगा. मोठ्या प्रवासी जहाजावर आचारी होता, आणि त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

सकाळी खाटकानं त्यांना वेड्यातच काढलं होतं. तापल्या दगडावर भाजतात ते पातळ काप हवेत, असं त्याला वाटलं.

"पत्थर के गोश्त के वास्ते होना क्या अम्मा? पतला काटतौं."

"नक्को. दो उंगल मोटा काटो."

"इत्ता मोटा गलता नै अम्मा."

"गलता. मेरा बेटा बनाताय," असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली आणि आणखी काही विचारायच्या आत त्या रस्त्याला लागल्या.

तिथून त्या रामनगरच्या मासळी बाजारात झिंगे आणायला गेल्या. मग हिमायतनगरच्या मोठ्या दुकानातून लोणी आणि ती सुरूच्या पानांसारखी बारीक, उग्र वासाची काडी घेतली. काडीचं नाव त्यांना कधीच धड घेता आलं नाही. दुकानातल्या पोरीला त्यांनी नुसता वास सांगितला आणि तिनं बरोबर काढून दिली.

संध्याकाळी सातला पल्लवी प्रशांतला घेऊन येणार होती. पल्लवी ओमकारची बायको. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली नाही, काचीगुड्याच्या या तीन खोल्यांत सासूसासऱ्यांची लेक होऊन राहिली. प्रशांत तिच्या बँकेतला. दोघं लग्न करणार होते आणि आज तारीख सांगायला येणार होते. सासऱ्यांनी, भगवंतरावांनी, तर केव्हाच होकार देऊन टाकला होता. पोरीचं वय काय, आपण तिला किती दिवस पुरणार, असं त्यांचं म्हणणं. सत्यवतीबाईंनीही मान डोलावली होती. पण मान डोलावायला काय लागतं? मन मात्र हटून बसलं होतं.

त्यामुळे आजचा बेत पाहुण्यासाठी नव्हताच. सुट्टीवर आला की ओमकार पहिल्या रविवारी हेच करायचा: पांढऱ्या मोठ्या ताटल्या, लोण्यात परतलेला मटणाचा काप आणि शेजारी लसणातले झिंगे. झिंगे म्हणजे पल्लवीचा जीव की प्राण. स्वयंपाक होईतो ती ओट्याशीच घुटमळायची आणि ओमकार तिला तव्यावरून एकेक उचलून द्यायचा. तो वास पुन्हा नाकात गेला की पोरीचं पाऊल अडेल, असा सत्यवतीबाईंचा डाव होता. डाव लबाड होता आणि ते त्यांनाही कळत होतं. पण त्यांना भीती वाटत होती. ओमकार कसा हसायचा, झोपेत काय बडबडायचा, हे माहीत असलेली माणसं जगात तीनच उरली होती. त्यातलं एक दुसऱ्याच्या घरी निघालं होतं. दुसऱ्याच्या घरी ती ओमकारचं नाव तरी कशाला काढील?

बिडाचा तवा गॅसवर चढवून त्या वाट पाहत राहिल्या. तव्यातून धूर निघाला तेव्हा त्यांनी मीठ घेतलं. हात आपोआप वर गेला, कपाळाच्याही वर, आणि तिथून मीठ भुरभुरलं. त्यांनी हाताकडे पाहिलं. उभ्या जन्मात त्यांनी असं उंचावरून मीठ टाकलं नव्हतं. ती ओमकारची तऱ्हा.

काप तव्यावर पडताच चरचराट झाला. त्यांनी उलथन्यानं तो हलवायला घेतला.

"आई, हात लावू नको."

अगदी उजव्या कानाशी. त्यांनी वळून पाहिलं नाही. वळलं की फक्त फ्रीज दिसतो, हे त्यांना ठाऊक झालं होतं. ओमकार जहाजावर तापानं गेला होता. घरी आली ती बंद पेटी. ती उघडू नका असं सांगितलं गेलं आणि तशीच अग्नीला दिली गेली. आपल्या मुलाचं शेवटचं तोंड ज्या आईनं पाहिलं नाही, तिच्या स्वयंपाकघरात तो अधूनमधून बोलला तर त्यात नवल ते काय?

त्यांनी उलथनं खाली ठेवलं. मोजून चार मिनिटांनी काप उलटला. खालची बाजू खरपूस, बदामी झाली होती. मग लोणी, ठेचलेला लसूण आणि ती काडी. तवा कलता धरून वितळलेलं लोणी चमच्यानं कापावर पुन्हा पुन्हा ओतत राहिल्या. वास घरभर सुटला.

बाहेरच्या खोलीत भगवंतराव आरामखुर्चीत पेंगत होते. तिथून त्यांचा आवाज आला.

"ओमकार उठला का गं?"

सत्यवतीबाईंचा चमचा थांबला. थोड्या वेळानं खुर्ची करकरली, नळ सुटला, भगवंतराव तोंड धूत होते. बराच वेळ धूत होते. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मात्र ते आले नाहीत.

काप उतरवून त्याच लोण्यात झिंगे परतून झाले, आणि पाहुणा सातला पाच कमी असतानाच आला. सडपातळ, कानशिलावर पांढरे केस, हातात पेढ्यांचा पुडा. त्याच्या मागून पल्लवी आत आली आणि उंबऱ्यातच थबकली. तिनं एक लांब श्वास घेतला. सत्यवतीबाईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या मनाला बरं वाटलं.

"हे केलंत आई तुम्ही?" पल्लवीचा आवाज खाली गेला होता.

"केलं बाई. बस."

ताटल्या मांडल्या. काट्याचमच्यांशी प्रशांतची जी झटापट सुरू झाली ती बघवत नव्हती. शेवटी त्यानं सुरी बाजूला ठेवली आणि संकोचून विचारलं,

"काकू, भाकरी आहे का हो थोडी?"

भगवंतराव पहिल्यांदाच मोकळे हसले. "हौ की! मी कधीचा तेच म्हणायलो मनात. आण गं दोन ज्वारीच्या, सकाळच्या आहेत."

भाकरी आली, जेवण सरळ झालं. प्रशांतनं मटणाची तारीफ केली आणि घसा साफ केला.

"काका, ते तारखेचं बोलायचं होतं..."

"आधी जेवा," सत्यवतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याला कांदा वाढला. थोड्या वेळानं तो पुन्हा बोलू लागला, तेव्हा त्यांनी लिंबू पुढं केलं.

त्यांचं सगळं लक्ष पल्लवीकडे होतं. ती मटण खात होती, सावकाश, खाली मान घालून. डोळे भरून आले होते ते लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. पण झिंगे ताटलीच्या कडेला सारून ठेवले होते. एकालाही तिचं बोट लागलं नव्हतं.

"झिंगे घे ना गं. तो तुझ्यासाठीच करायचा ते."

पल्लवीनं ताटली किंचित दूर सारली.

"बिघडलेत का? जास्त शिजले?"

"तसं नाही आई. मी खात नाही आता."

"कधीपासून?"

"गयेपासून."

सत्यवतीबाई बघतच राहिल्या. ओमकारचं वर्ष सरल्यावर तिघं गयेला गेले होते. पिंडदान झालं आणि तिथल्या पंड्यानं सांगितलं, आता प्रत्येकानं आपल्या आवडीचं एक काहीतरी गेलेल्याच्या नावानं सोडा, जन्मभरासाठी. भगवंतरावांनी कारलं सोडलं, जे त्यांनी कधी ताटाच्या आसपासही येऊ दिलं नव्हतं. सत्यवतीबाईंनी फणस सोडला. फणस घरात शेवटचा कधी आला होता, ते त्यांना आठवतही नव्हतं. पल्लवी डोळे मिटून काहीतरी पुटपुटली होती. काय सोडलंस म्हणून तिला कुणी विचारलं नाही. घरात पुन्हा झिंगे कधी शिजलेच नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सत्यवतीबाईंना लाज वाटली. अंगभर वाटली. त्या पाहुण्याकडे वळल्या, निदान त्याला तरी वाढावं म्हणून. प्रशांतची ताटली त्यांनी आता नीट पाहिली. मटण संपलं होतं, भाकरी संपत आली होती. झिंगे होते तसे होते.

"तुम्हाला पण चालत नाहीत?"

"चालतात काकू. म्हणजे... चालायचे." त्यानं पल्लवीकडे पाहिलं. तिनं मान हलवली, तेव्हा कुठं पुढं बोलला. "ही खात नाही ते कळलं, कशासाठी ते पण सांगितलं हिनं. मग ठरलंच आमचं. आमच्या घरात झिंगे आणायचे नाहीत, कधीच. मी काही ओमकारना पाहिलेलं नाही. त्यांच्यासाठी दुसरं काय करणार मी?"

खालच्या रस्त्यानं कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. भगवंतरावांनी आपल्या हातातला झिंगा हळूच ताटलीत परत ठेवला.

सत्यवतीबाई उठल्या. पल्लवीच्या ताटलीतले झिंगे त्यांनी हातानंच वाडग्यात काढले, मग प्रशांतच्या, मग भगवंतरावांच्या आणि आपल्या. वाडगा आत ठेवून आल्या. येताना उरलेली भाकरी गॅसवर शेकून आणली आणि तिची अर्धी प्रशांतच्या पुढ्यात मोडली.

"घ्या. गरम आहे."

"बस झालं काकू, पोट भरलं."

"घ्या म्हणते ना. आणि तारीख कोणती ठरवलीत, प्रशांतराव? लवकर सांगितलेलं बरं. पोरीच्या माहेरचं सगळं मलाच बघायचंय."

पल्लवीनं वर पाहिलं. भगवंतरावांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि बराच वेळ ते पाणी पीत राहिले.