शेगडीजवळची मोटार

मी एक जुनी मोटार आहे, पावसाच्या गावात आयुष्य काढलेली आणि पावसालाच भिणारी. मित्रांनो, माझं गाव सोहरा. तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात ते चेरापुंजी या नावाने असेल. इथे पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, घरच्यासारखा राहतो. अशा गावी येऊन मला ओलाव्याचं दुखणं जडावं, हे माझं प्रारब्ध.

जन्म मात्र माझा दूर सपाटीवरच्या कारखान्यात झाला, कोरड्या उन्हाच्या मुलखात. माझ्या पोटात पेट्रोल पेटतं ते ठिणगीने. ती ठिणगी एका काळ्या डबीत येते आणि तिथून जाड वायरींतून एकेका प्लगकडे जाते. देवळातल्या एका समईवरून सगळ्यांनी आपापली निरांजनं लावून घ्यावीत ना, तसंच. डबीला घट्ट झाकण असतं, कारण ठिणगीला पाणी सोसत नाही. ओल मिळाली की ती वाट सोडून भलतीकडेच पळते.

मला सोहराला आणलं बिलिसने. आमच्याकडे घर धाकट्या लेकीला मिळतं आणि नवरा तिच्या घरी नांदायला येतो. तसा तिचा नवरा स्टेर्वेल आला आणि माझा चालक झाला. पण मला पसंत केलं होतं बिलिसच्या थोरल्या भावाने, रोस्टारने. आमच्या घरांत मामाचा शब्द मोठा. बाळाचं नाव ठेवायचं असो की नव्या घरात चूल पेटवायची असो, रोस्टारने उभं राहून देवाला साद घातल्याशिवाय काही सुरू होत नसे. स्टेर्वेलला गाडी शिकवली तीही त्यानेच. आमच्याकडे पुरुषाला मानाने 'बाह' म्हणतात आणि बाईला 'कॉंग'.

"बाह स्टेर्वेल, ब्रेक पायाखाली आहे," तो ओरडायचा. "डोळे मिटून देवाला हाक मारली म्हणून गाडी थांबत नसते!"

"तुम्ही शेजारी बसलात ना बाह, की मला देवच आठवतो," स्टेर्वेल म्हणायचा. मागच्या सीटवर बिलिस पदराआड हसायची.

ती माझी सुखाची वर्षं. संत्र्यांच्या टोपल्या, तमालपत्रांची पोती, शिलाँगच्या बाजाराला निघालेल्या बायका, एखादी नवरी, सगळ्यांना मी घाट चढवून नेलं. "बिलिसची गाडी कधी दगा देत नाही," असं लोक म्हणायचे तेव्हा माझे दिवे जरा जास्तच उजळत असावेत.

मग वय झालं. वायरींचं रबर कडक झालं. पावसाळी सकाळी मी खोकू लागले, गचके खाऊ लागले. तेव्हा बिलिसने एक नेम धरला. आमच्या गावात सगळं शेगडीवरच सुकतं. बाळाची दुपटी, शाळेचे मोजे, भिजलेली काडेपेटीसुद्धा. बिलिस पहाटे उठून देवाचं नाव घ्यायची, शेगडीत कोळसे फुलवायची आणि ती माझ्या बॉनेटखाली आणून ठेवायची. "शेक घे गं बाई," म्हणायची. ताप असो, पाहुणे असोत, तिने नेम चुकवला नाही. मी पहिल्या स्टार्टरला चालू व्हायचे. शेजारणी म्हणायच्या, "कॉंग बिलिस, नवऱ्याला तरी कधी एवढा शेक दिलास का?"

"तो न शेकताच तापतो," बिलिस म्हणायची.

मित्रांनो, ती ऊब फार गोड होती. पण माझ्याखालची जमीन ओली असायची. शेगडीने त्या ओलीची वाफ व्हायची, वर चढायची आणि त्या काळ्या डबीच्या आत जाऊन बसायची. वरून मी कोरडी, आतून ओली. निघताना चालायचे आणि वाटेत गार वारा लागला की आतल्या वाफेचे थेंब व्हायचे. रोजच्या धगीने डबीचं झाकणही कडकडीत झालं होतं. एक दिवस त्याला केसाएवढा तडा गेला. मला ते कळत होतं. पण देवाने मला हॉर्न दिला, जीभ दिली नाही.

स्टेर्वेलने पेट्रोलला दोष दिला. टाकी रिकामी करून पाहिली, कार्बोरेटर धुतला, प्लग बदलले. शेवटी मला शिलाँगला कितबोककडे नेलं. रोस्टारच्या ओळखीचा हा मेकॅनिक. पण शिलाँगला ऊन होतं, आणि एवढा घाट चढून मी आतून-बाहेरून तापून सुकलेली. त्याने चालू केली, ऐकली, फिरवून आणली.

"बाह, गाडीला काही झालेलं नाही. तुमच्या गावाला झालंय."

"मग गावाला नवे प्लग घालू?"

"तसं नाही. पावसात घेऊन या एकदा."

"पावसात आली असती तर तुझ्याकडे कशाला आणली असती?"

दोघंही हसले आणि माझं दुखणं तसंच राहिलं.

त्या पावसाळ्यात रोस्टार शिलाँगच्या इस्पितळात पडून होता. एका सकाळी निरोप आला: लवकर या, बिलिसचं नाव घेतायत. बाहेर पाऊस नुसता ओतत होता. आमच्यात गेलेल्या माणसाविषयी म्हणतात, तो देवाच्या घरी विडा खातोय. भाऊ तिथे पोचण्याआधी एक विडा आपल्या हातचा त्याच्या हातावर ठेवावा, एवढंच बिलिसला हवं होतं. तिने सुपारी कातरली, पानाला चुना लावला. आणि शेगडीत नेहमीच्या दुप्पट कोळसे घातले.

"आज राहू दे गं, निघू या," स्टेर्वेल म्हणाला.

"रोजचा नेम, आणि आजच मोडू? वाटेत बंद पडली म्हणजे?"

निघाले तेव्हा मी ठणठणीत होते. दरीवरच्या पुलापाशी धुकं आलं, गार वाऱ्याचा झोत आत शिरला, आणि ठिणगी त्या तड्यातून निसटू लागली. मी एक गचका खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि थांबले. स्टेर्वेलने बॉनेट उघडलं, वायरी पुसल्या, फुंकर घातली. स्टार्टर मारून मारून बॅटरी दमली. वरून पाणी, समोर धुकं.

मागून माणसांनी भरलेली एक सुमो आली. चालकाने डोकं बाहेर काढलं. "काय बाह, मोटारीला झोप लागली की तुम्हाला?"

"माझा भाऊ चाललाय रे," बिलिस म्हणाली.

त्याचं हसू तिथेच विरलं. "या कॉंग, या. अहो, सरका जरा! कुणाच्या तरी मांडीवर बसा." दोन बायकांनी तिला हाताला धरून आत ओढलं. सुमो धुक्यात दिसेनाशी झाली.

पाऊस उघडला तशी उतारावर सोडताच मी चालू झाले, जणू काही झालंच नव्हतं. स्टेर्वेलने स्टिअरिंगवर जोरात हात आपटला. इस्पितळाच्या पडवीत बिलिस बाकावर बसली होती. विडा तिच्या मुठीतच होता.

"हात अजून उबदार होता त्याचा," ती म्हणाली.

दुखवट्याला कितबोक सोहराला आला, तोही पावसातच. अंगणात मी खोकत होते. ते ऐकून तो छत्री टाकून माझ्याकडे धावला. डबीचं झाकण काढलं, बोट फिरवलं.

"आतून ओलं? आत पाऊस कुठून येईल? ही तर वाफ आहे. आणि झाकण तडकलंय, बघा. इथे खाली कुणी शेगडी-बिगडी ठेवतं का?"

स्टेर्वेल जमिनीकडे बघू लागला.

"मी," बिलिस म्हणाली. "रोज."

कितबोक गडबडला. "नाही कॉंग, तसं जुनंच होतं ते. कधीतरी तडकणारच होतं." त्याने नवं झाकण, नव्या वायरी बसवल्या. झाकण आतून कोरड्या फडक्याने पुसायचं, रबर चिरलं की बदलायचं, बस, असं सांगून निघाला. जेवायला थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बिलिस सवयीने बाहेर आली. हात मोकळे होते. मग कोरडं फडकं आणून तिने ते झाकण उघडलं आणि पुसलं. आता तोच तिचा नेम आहे. "शेक घे गं बाई" हे मात्र मी पुन्हा ऐकलं नाही.

पुढे रोस्टारचं सामान आणायला आम्ही शिलाँगला गेलो. तसाच पाऊस, तसंच धुकं. पूल आला आणि गेला. मी एकसारखी चालत राहिले.

"पाहिलंस?" स्टेर्वेल हळूच म्हणाला. "एक गचका नाही."

बिलिस काचेबाहेर बघत होती. "आज चालून काय करायचंय? आज कोण वाट बघतंय?"

मित्रांनो, मला त्या माउलीचा राग नाही. तिच्याएवढं प्रेम माझ्यावर कुणी केलं नाही. तुम्हीही नेम धरा, मनापासून पाळा. पण ज्याच्यासाठी पाळता त्याचं झाकण अधूनमधून उघडून बघत जा. आणि ज्याला पावसात दुखतं, त्याला पावसातच बघायला जा. भिजाल थोडे. पण वेळेवर पोचाल.