सातवी ओवी

"चप्पल खाली ठेवा, बाबुराव."

नलूने हे इतक्या सहज म्हटलं की बाबुरावांच्या हातातली कोल्हापुरी आपोआप खाली आली. दुकानाच्या फरशीवर नलूची लेक दर्शना आडवी पडली होती. बँकेत नोकरी करणारी तिशीची बाई, भर दुपारी, दादरच्या बाजारात, बाशिंगांच्या खोक्यांमध्ये फिट आल्याचं सोंग करून हातपाय झाडत होती आणि मधूनच एक डोळा उघडून आईकडे बघत हसू दाबत होती.

"हुंगवायची नाही म्हणता?"

"चपलेने फिट थांबत नाही. ती तिच्या वेळेला थांबते. माणूस शुद्धीवर येतं तेव्हा नाकात चपलेचा वास आणि भोवती गर्दी. कसं वाटत असेल?"

"मग तोंडात चमचा?"

"तोंडात काही नाही. चमच्याने दात पडतात. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, दाबून धरायचं नाही. आणि वेळ मोजायची. पाच मिनिटांच्या वर गेली की इस्पितळ. तेव्हा मग विचार करत बसायचं नाही."

गल्ल्याच्या कडेला शेवंती मान खाली घालून उभी होती. नऊ वर्षं ती ह्या दुकानात मुंडावळ्या ओवत होती. तिच्या हातची मुंडावळी अक्षता पडेपर्यंत कपाळावरून हलायची नाही, म्हणून गिऱ्हाईक नाव घेऊन मागायचं. गेल्या सोमवारी भरल्या दुकानात तिला फिट आली. एका नवरीची आई 'अपशकुन झाला' म्हणत तरातरा निघून गेली आणि बाबुरावांनी शेवंतीला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. शेवंतीने निरोप धाडला, म्हणून आज मायलेकी आल्या होत्या.

नलूच्या माहेरचं हे काम एकवीस वर्षांचं. लालबागच्या चाळीतल्या दोन खोल्यांत दर दुसऱ्या रविवारी फिट येणारी माणसं आणि त्यांच्या घरचे जमायचे. मंगळवारी घरातलं कुणीतरी परळच्या मोठ्या इस्पितळात नव्या पेशंटबरोबर रांगेत उभं राहायचं. बरं वाटतंय म्हणून गोळ्या मध्येच सोडणाऱ्यांच्या दारात नलू स्वतः जाऊन बसायची. पाटी नाही, पावतीपुस्तक नाही. पण चाळीच्या तोंडाशी कुणालाही विचारा, तो बोट दाखवणार, "फिटवाल्यांचं घर ना? तिसरा मजला." आणि हे नाव कानावर आलं की नलूची मान ताठ व्हायची.

"मोजायचं कशावर? मोबाइलवर?" बाबुरावांनी विचारलं.

"मोबाइल हातात आला की लोक शूटिंग करतात," दर्शना उठून बसत म्हणाली. "आम्ही ओव्या म्हणतो. आजीने केलेल्या. बारा आहेत, प्रत्येकीत तिचा आकडा. एकेक ओळ दोनदा, सावकाश. बारा झाल्या की पाच मिनिटं. परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी घड्याळ लावून बघितलंय."

बाबुराव हसले. "दुकानात ओव्या! मग जातं पण आणतो की एक." मग त्यांनी हात जोडले. "ताई, तुमचं काम मोठं, मी नाही कुठं म्हणतोय? पण माझं दुकान लग्नाचं. हिने घरी बसून ओवावं. माल मी पाठवतो, नेतो. झालं?"

"घरी नको, शेठ," शेवंती पहिल्यांदाच बोलली. "घरी मी एकटी असते. इथे चार माणसं असतात."

नलूने फरशीवरची एक मुंडावळी उचलली, मोती सारखे केले. एकवीस वर्षांत जे कुठेच सांगितलं नव्हतं, ते तिच्या तोंडून निघालं.

"बाबुराव, ह्या ओव्या आईने वेळ मोजायला केल्याच नव्हत्या. लपवायला केल्या होत्या."

दर्शनाने चमकून वर पाहिलं.

"माझा भाऊ, गौतम. आठव्या वर्षापासून त्याला फिट यायच्या. आमची जमीन लाकडी. त्याच्या टाचा आपटायला लागल्या की खाली ऐकू जायचं. मग वडील, आमचे अण्णा, दार लावायचे, आई जात्यावर बसायची आणि मोठ्याने गायची. जात्याच्या घरघरीत टाचा बुडायच्या. तळमजल्यावर पिठाची गिरणी असताना ही बाई घरी का दळते, म्हणून चाळ हसायची. आईला तेच हवं होतं. सहाव्या-सातव्या ओवीला तो शांत व्हायचा. बारापर्यंत कधी गेलाच नव्हता."

तिने मुंडावळी गल्ल्यावर ठेवली.

"त्या दिवशी बारा संपल्या. आई पुन्हा पहिलीवर आली. मग पुन्हा. दार उघडलं असतं तर शेजारचे टॅक्सी घेऊन आले असते. पण मग सगळ्यांना कळलं असतं. अठ्ठावीस वर्षांचा होता. लग्न ठरत आलं होतं त्याचं."

बाहेर भाजीवाल्याची आरोळी आली आणि गेली.

"नंतर किती वर्षं आई गायलीच नाही. मग एकदा खालच्या सुनेला गॅलरीत फिट आली. लोक चप्पल घेऊन धावले. आई गर्दीत घुसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि सगळ्यांच्या देखत सुरू केली पहिली ओवी. तिथून आमचं काम. अपशकुन म्हणाल तर तो आमच्या बंद दाराचा होता, बाबुराव. त्या पोराचा नव्हता."

बाबुरावांनी एका खोक्याचं पुठ्ठ्याचं झाकण उलटं केलं, कानावरचं पेन काढलं.

"पहिली कशी म्हणालात?"

नलूने गळा साफ केला.

*पयली ओवी गाते, उंबऱ्याच्या गं दिव्याला*
*वाट दाव बाई, माझ्या बाळाच्या जीवाला*

शेवंती ओठातल्या ओठात ती घोकत राहिली.

दर्शना आईबरोबर लालबागला परत आली. चाळीच्या जिन्यात तिने विचारलं, "मामा झोपेत गेला असंच सांगत आलात ना मला?"

"हो."

"आणि जगाला सांगतेस, लपवू नका."

"आज बोलले ना," नलू म्हणाली. "उशीर झाला, पण बोलले." दर्शनाने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दोन पायऱ्या चढून थांबली, आई वर येईपर्यंत.

पुढे दीड महिन्याने, ऐन लग्नसराईत, दुपारी तीनला नलूचा फोन वाजला. पडद्यावर बाबुरावांचं नाव. उचलला तर पलीकडून कुणी बोलेना. गलका होता, आणि त्या गलक्यातून एक घोगरा, पार बेसूर आवाज येत होता. त्याच्या मागे दुकानातल्या मुली. चौथी ओवी चालू होती.

नलूने फोन स्पीकरवर टाकला आणि दारातच उभी राहिली. दाराजवळच्या बाकावर चौऱ्याऐंशी वर्षांचे अण्णा कान देऊन बसले होते. पाचवी झाली. सहावीला मुलींचा एक आवाज अडखळला, दुसऱ्या कुणीतरी ओळ उचलली.

*सातवी ओवी गाते, दर्याच्या गलबताला*
*शीड उतरलं बाई, बंदर आलं नजरेला*

मग एकदम शांतता. आठवीचा पहिला शब्द नलूच्या ओठांवर येऊन थांबला होता. तिने भिंतीला हात टेकला.

"ताई?" बाबुरावांना धाप लागली होती. "थांबली. सातवीला थांबली. आता डोळे उघडलेत तिने, मलाच विचारतेय, काय झालं म्हणून."

"कुशीवर आहे ना? पाणी एवढ्यात देऊ नका."

"ते माहितीये हो, झाकण भिंतीला लावलंय मी. दुकानात नवरीच आली होती, ताई. तिने आपला नवा शेला घडी करून हिच्या डोक्याखाली दिला. वर मलाच म्हणाली, काका, सूर सांभाळा." ते हसले. "उद्या सुट्टी दिलीय शेवंतीला. परवा मात्र यायलाच लागेल, म्हणावं. पंचवीस जोड्या ओवायच्या पडल्यात."

फोन ठेवल्यावरही नलू तशीच उभी होती.

"खंयचो फोन गो?" अण्णांनी विचारलं.

"दादरचा. शेवंतीला फिट आली होती."

"किती झाल्यो?"

"सात."

अण्णांनी मान हलवली. त्यांचे ओठ मात्र हलत राहिले. आठवी, नववी, दहावी. बारावीच्या शेवटाला ते थांबले. खिडकीतून वारा आला तसं दार करकरत मिटायला लागलं. अण्णा गुडघ्यावर हात देऊन उठले, वाकले, आणि कोपऱ्यातला जात्याचा वरचा दगड दोन्ही हातांनी सरकवत सरकवत त्यांनी दाराला नीट लावला.

दार सताड उघडं राहिलं.