महावीरची बिडी

कुपवाडला फाउंड्रीच्या गेटशेजारी माझी पानटपरी होती. अख्ख्या फाउंड्रीत माझा दुश्मन एकच, ओतकामाचे साचे भरणारा महावीर. स्वतः बिडीला शिवायचा नाही, वर माझ्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, "सोड की रं गड्या." आणि माणसं खरंच पुडी परत ठेवायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग त्यालाच खोकला लागला. चार पावलं चालला की धाप. साच्याच्या वाळूची बारीक धूळ फुफ्फुसात बसलीय, असं डॉक्टरांनी सांगितलं. प्राची वकीलबाईंनी फी न घेता भरपाईचा दावा लावला. कंपनी म्हणाली, धूळबिळ काही नाही, हा माणूस बिड्या ओढतो.

त्याची बायको सुरेखा आजारापेक्षा या शब्दानं पेटली. "मुनीमहाराजांपुढं नियम घेतलेला माणूस हाय माझा. बिडी कसली?"

वकीलबाई टपरीवर आल्या. "लालासाहेब, साक्ष द्याल?" त्या वळतात न वळतात तोच मॅनेजर आला. "टपरी आमच्या भिंतीला आहे, विसरू नका."

मी घाबरलो, खोटं कशाला सांगू? पण ज्यानं माझी बिडी खपू दिली नाही, त्याच्यावर बिडीचाच आळ? ते काही मला गिळवेना.

कोर्टात कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "हा तुमचंच गिऱ्हाईक ना?"

"गिऱ्हाईक? आवं साहेब, ह्यानं एक बिडी जरी घेतली असती तर मी आनंदानं तुमच्या बाजूनं आलो असतो. निम्मा धंदा बसवला माझा ह्यानं. द्यायची तर मलाबी भरपाई द्या."

न्यायाधीशांनाही हसू आवरेना. निकाल महावीरच्या बाजूनं लागला, भरपाई मिळाली, औषधपाण्याची सोय झाली. माझी टपरी मात्र कंपनीनं उचलायला लावली.

दुसऱ्याच दिवशी महावीर धापा टाकत आला. "आमच्या दारात लाव टपरी. रस्त्याला लागूनच हाय."

मला भरून आलं. टपरी नेऊन टेकवली तशी सुरेखा बाहेर आली. "लालाभावजी, आमच्या दारात बिडी-तंबाखू चालायची न्हाई हं."

आता मी चहा आणि केळी विकतो. महावीर शेजारी खुर्ची टाकून बसतो आणि दम खात खात फाउंड्रीच्या पोरांना हाका मारतो, "या रं, केळी घ्या." केळी बिडीपेक्षा जास्त खपतात. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.