चार बोटांची पायरी

मिस्त्रींच्या छिन्नीचा पहिला घाव पायरीवर पडला आणि ऑपरेटरबाईंच्या हातातलं पान उलटायचं राहिलं. मधल्या खोलीत त्या वर्तमानपत्र धरून बसल्या होत्या. वाचतात कसल्या! बातम्या सकाळीच रेडिओवर ऐकून झाल्या होत्या. पण मुलगा घरी आला की वर्तमानपत्र धरायचं आणि दर पाच मिनिटांनी पान उलटायचं, हे त्यांनी वर्षभर नेमानं चालवलं होतं.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेल्या बाई. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी शेजारीपाजारी नाव तेच राहिलं. गेल्या वर्षापासून त्यांच्या डोळ्यांपुढं धुकं दाटलं होतं आणि ते आता निवळायचं नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. मुलाला कळलं असतं तर त्यानं त्याच दिवशी घराला कुलूप घालून त्यांना आपल्या नवव्या मजल्यावर नेलं असतं. प्रेमानंच नेलं असतं हो, त्याचीच तर भीती होती. तिथली एक भिंत हाताच्या ओळखीची नव्हती. इथं डोळे गेले तरी हातपाय बघत होते. या खुर्चीपासून अकरा पावलं, मग चार बोटं उंच पायरी, तिथून तीन पावलांवर ओटा, डाव्या हाताला गॅस.

आणि नेमकी ती पायरीच आता चालली होती.

मुलगा भारी हौशी. घर नवं करायचं, पण जुनेपणाला धक्का लागू द्यायचा नाही, हा त्याचा हट्ट. रंगीत काचा होत्या तशाच, सागवानी दारं तशीच, विजेची काळी गोल बटणंसुद्धा कुठून कुठून हुडकून आणून जागच्या जागी बसवलेली. बाईंनी पायरीसाठी रदबदली करून पाहिली, तर तो हसला. त्या पायरीत बघण्यासारखं काय आहे, म्हणाला, उद्या अडखळून पडलीस म्हणजे? स्वयंपाकघराची जमीन चार बोटं खाली घ्यायचं त्याचं ठरलेलंच होतं. बाईंनी पान उलटलं. जास्त ताणलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

दोन दिवसांनी दुपारी मुलगा फरश्या आणायला गेला होता. बाईंचा डोळा लागला होता. तेवढ्यात मिस्त्रींनी स्वयंपाकघरात सिमेंट पसरून सारखं केलं, जायला-यायला कडेनं एक फळी टाकली आणि ते हात धुवायला अंगणात गेले. बाई जाग्या झाल्या, पाणी प्यायला उठल्या आणि सवयीनं मधूनच चालत गेल्या. अकरा पावलं झाली. पाय आपसूक उचलला गेला, पण पायरी कुठं होती? पाऊल खाली गेलं ते थेट ओल्या गार सिमेंटात. चौकट हाताला लागली म्हणून पडल्या नाहीत एवढंच.

मिस्त्री दारात आले. त्यांनी पायाकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं.

"ताई, भरदुपार आहे," ते सावकाश म्हणाले. "फळी दिसली नाही तुम्हाला?"

हजारो माणसांना लाइन व्यस्त आहे म्हणून बेधडक सांगितलेल्या बाईंना त्या घडीला एक साधी थाप सुचेना. "त्याला सांगू नका," एवढंच त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी स्टूल दिलं, पायावर पाणी ओतलं. उद्या तुम्ही पडलात तर गप्प राहिलो म्हणून मीच गुन्हेगार ठरेन, असं काहीसं ते पुटपुटले. सांगणार की नाही, ते मात्र बोलले नाहीत. पुढचे चार दिवस बाईंनी जीव मुठीत धरून काढले. मुलाचा आणि मिस्त्रींचा आवाज हळू झाला की त्या हातातलं काम थांबवून कान देत.

मिस्त्रींनी सांगितलं नाही. त्यांनी पायरीचा निघालेला काळा दगड छिन्नीनं टोचून टोचून खरखरीत केला आणि दारातच, नव्या फरशीच्या अगदी पातळीत बसवला. मुलाला म्हणाले, जुन्याची एखादी खूण राहू द्या साहेब. मुलगा खूश. त्यानं चारी बाजूंनी फोटो काढले.

काम संपल्याच्या संध्याकाळी बाई अनवाणी निघाल्या. अकरा पावलांनंतर तळव्याला दगड लागला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिघांचा चहा केला. मुलगा दारापाशी उभा राहून फोटोंबद्दल बोलत होता, मग बोलायचा थांबला. बाईंनी त्या दिशेला कप धरला.

"घे."

कप कुणी घेतला नाही.

तीस वर्षं कानांवर काढलेल्या बाई. मुलाचा श्वास त्यांना ऐकू आला, पण दाराकडून नव्हे, मागं खिडकीकडून. हात मागं घ्यावा तर पंचाईत, पुढं ठेवावा तरी पंचाईत. मिस्त्री उगाच खाकरले.

मग पावलं खिडकीपासून हलली. अगदी हळू त्यांच्या पाठीमागून गेली, दगडावर घासली आणि कपासमोर येऊन थांबली. कप हातातून गेला. एक घोट घेतल्याचं ऐकू आलं.

"मिस्त्री," मुलगा म्हणाला. "उद्या आणखी एक दिवस या. असाच एक दगड बाथरूमच्या दारात बसवा. आणि एक अंगणात उतरतो तिथं."

बाईंनी ओटा चाचपला, दुसरा कप उचलला.

"मिस्त्री," त्यांनी वर्षात पहिल्यांदाच विचारलं, "कुठं उभे आहात तुम्ही?"